फिडलवाल्या व्याह्यांची चौकशी

माझे व्याही इंग्लंडमध्ये फिडल वाजवून पोट भरतात, आणि याचा पुरावा मी स्वतः गोळा केलेला आहे.

फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. चर्चमध्ये वाजवलं की व्हायोलिन आणि खेड्यातल्या नाचगाण्याला वाजवलं की फिडल. हे मला आता कळतं. ज्या दिवशी आमच्या लेकीने, रोशेलने लग्नाची बातमी दिली, त्या दिवशी मला एवढंच कळलं की मुलगा दुबईहून तीन-चार तासांवरच्या रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर आहे, नाव बेन आहे आणि बापाचं काही खरं नाही.

"वडील काय करतात त्याचे?"

"पपा, ही इज अ फिडल प्लेअर."

"ते झालं गं. पण काम काय करतात?"

"दॅट इज हिज जॉब!"

"म्हणजे शनिवार-रविवार. सोमवारी कुठे जातात?"

"मंडेला ही रेस्ट्स."

(दुबईत जन्मलेली मुलं बापाशी धड मराठीत बोलत नाहीत, पण बापाचं तोंड बंद करायला त्यांना इंग्रजी पुरतं.)

आमच्या वसईला लग्न जुळवताना मुलगा नंतर बघतात, आधी घराण्याची चौकशी करतात. फादरना विचारायचं, बेकरीवाल्याला विचारायचं, आणि सगळ्यात खात्रीचा म्हणजे ज्याचं त्या घराशी कुंपणावरून भांडण आहे असा शेजारी गाठायचा. तो सगळं सविस्तर सांगतो, वर चहाही पाजतो! आता दुबईच्या ऊद मेथा भागात आठव्या मजल्यावर बसून मी इंग्लंडच्या खेड्यातला भांडखोर शेजारी कुठून आणू?

रोशेलने मात्र मला सरळ सांगून टाकलं, "पपा, तू नो म्हणालास तर आय वोन्ट मॅरी हिम. पण मग डोन्ट आस्क मी अबाउट एनी बॉय. एव्हर." ती रडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे फोन चार्जिंगला लावून झोपायला गेली. ही मुलगी बोलल्याप्रमाणे करते. आईवर गेली आहे.

तिची आई लविना म्हणाली, "अहो, हो म्हणून टाका."

"चौकशीशिवाय?"

"तुमच्या वडिलांनी माझी केली होती ना?"

"मग? चांगली निघालीस की!"

"मी निघाले. आमच्या लोकांनी तुमची केली होती, ती फसली."

अशा घरात निष्पक्ष तपास होणं शक्य नव्हतं. म्हणून मी लविनाचा भाऊ नेल्सन याला कामाला लावलं. नेल्सन रुवैसलाच नोकरीला. आठवडाभरात त्याचा फोन आला. आवाज एकदम खाली.

"भावोजी, मॅटर सिरियस आहे. पोरगा सुपरमार्केटमध्ये वांगी घेत होता."

"वांगी?"

"भरताची! हातात घेऊन, दाबून, वजन बघून. इंग्रज माणूस आणि वांगं दाबून बघतो? समथिंग राँग."

मी हादरलो. (लविनाच त्याला फोनवर भरीत शिकवत होती, हे मला फार उशिरा समजलं. फितुरी घरातच होती!) नेल्सनला म्हटलं, पोराला सोड, बापाला पकड. नेल्सनने इंटरनेट खणून एक व्हिडिओ धाडला. तो पाहून मी आधी दार लावून घेतलं, मग पुन्हा पाहिला.

भर रस्त्यात सहा दाढीवाले पुरुष. पांढरे कपडे. पायांत घुंगरं, दोन्ही हातांत रुमाल! आणि ते रुमाल उडवत, उड्या मारत नाचताहेत. त्यांच्यापुढे डोक्यावर फुलांची टोपी घातलेला एक दांडगा म्हातारा फिडल वाजवतोय. तेच बेनचे वडील, टेड.

मी अठरा वर्षं इंग्रज साहेबांच्या हाताखाली काढली आहेत. इंग्रज माणूस वाढदिवसाला केक खातानासुद्धा हळहळल्यासारखा दिसतो. तो घुंगरं बांधून नाचेल? अशक्य! "नेल्सन," मी म्हटलं, "हे लोक इंग्रज नाहीतच."

"खलास!" नेल्सन म्हणाला.

पुढच्याच महिन्यात टेडसाहेब पोराला भेटायला आले आणि रविवारी चर्चमधल्या मिसानंतर आमच्याकडे जेवायला. भुवया एवढ्या मोठ्या, की माणूस दारात उभा असताना त्या आधीच हॉलमध्ये येऊन बसल्या होत्या. काखेत फिडलची पेटी. लविनाने फुगे, म्हणजे आमच्याकडचे मैद्याचे गोल वडे तळले होते, मटणाचा रस्सा केला होता. माणूस रस्सा ओरपत आपलं आयुष्य सांगू लागला आणि एकेक वाक्याला माझा संशय पक्का होत गेला.

म्हणे, गुरू कोण, तर गावातला एक म्हातारा गवळी. तो एक चाल एकदाच वाजवून दाखवायचा आणि गाईंचं दूध काढायला जायचा. परत येईपर्यंत चाल छोट्या टेडच्या हातात बसलेली हवी, नाहीतर घरी जा. म्हणे, घुंगरं-रुमालांचा तो नाच अस्सल इंग्रजी, खेड्यातला जुना. म्हणे, पुढे चौघांनी एक व्हॅन घेतली आणि गावोगावच्या नाचांना वाजवत फिरले. त्या व्हॅनमध्येच झोपायचे, त्यामुळे चौघांपैकी दोघांची लग्नं मोडली. म्हणे, तीन रेकॉर्डी काढल्या, आणि तिसरी खपली ती मुख्यतः नातेवाइकांत. म्हणे, गावात लग्न असलं की नवरा-नवरीपुढे उलटं चालत, वाजवत त्यांना चर्चपर्यंत न्यायचं. एकदा असंच उलटं चालताना ओढ्यात पडले, पण गत सोडली नाही.

"आणि पेन्शन?" मी विचारलं.

तो एवढा हसला, की फुग्याचा तुकडा घशात अडकला.

आता मी हुकमाचं पान काढलं. लहानपणी पॅरिशच्या सरांकडे मी दोन वर्षं व्हायोलिन शिकलो होतो. आमच्याकडे नोटेशन वाचता आलं नाही तर सर चर्चमधल्या गायनमंडळाच्या माडीवर पायसुद्धा ठेवू देत नसत. मी कपाटातून भजनांचं नोटेशनचं पुस्तक काढून टेडपुढे ठेवलं.

"वाजवा."

त्याने पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं आणि आनंदाने सांगितलं, "मला यातलं काही वाचता येत नाही."

मी लविनाकडे पाहिलं. सापडला! व्हायोलिन वाजवणारा आणि नोटेशन येत नाही! म्हणजे पोहायला शिकवणारा आणि अंघोळीला घाबरणारा!

"डॅड कानाने शिकतो," बेन म्हणाला. टेड मला म्हणाला, "तुम्ही गा. मी वाजवतो."

मी कच्चा गडी नाही. इंग्लंडमध्ये बसून ज्याची तयारी करता येणार नाही असंच गाणं मी निवडलं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, तेव्हा आमच्या बायका म्हणतात ते. घसा खाकरून मी पहिलं कडवं म्हटलं. रोशेलने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भावनेने.

टेडने फिडल हनुवटीखाली न धरता छातीवर टेकवलं (हीही नोंद मी मनात केली) आणि तो वाजवू लागला.

"चूक!" मी ओरडलो. "साफ चूक! बघा, मी म्हणत नव्हतो? तिसऱ्या ओळीत हा माणूस भलतीकडेच गेला!"

"पपा," रोशेल म्हणाली, "ही इज प्लेइंग एक्झॅक्टली व्हॉट यू सँग."

"अगं, गाणं असं नाहीच आहे!"

"तेच तर आम्ही मघापासून ऐकतोय," लविना म्हणाली.

पुरावा हवा म्हणून मी वसईला माझ्या थोरल्या बहिणीला, सेलीनबायला फोन लावला. तिने गावातल्या निम्म्या लग्नांत हे गाणं म्हटलेलं. फोन स्पीकरवर टाकला, एक अक्षर न बोलता टेडला खूण केली. त्याने पुन्हा वाजवलं. तेच, तसंच, तिसऱ्या ओळीत भलतीकडे जाऊन.

पलीकडून सेलीनबाय म्हणाली, "रॉबी? तूच ना रे? बरं नाही का तुला?"

मी तोंडही उघडलं नव्हतं! नुसत्या तारांवरून बहिणीने सख्ख्या भावाला ओळखलं. रोशेलने अर्थ सांगितला तसा बेन हसत खुर्चीतून घसरला.

मग सेलीनबायने तेच गाणं नीट म्हटलं. एकदाच. टेड डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकत होता. आणि त्याने ते वाजवलं, तिसऱ्या ओळीसकट बरोब्बर. माझ्या आईच्या आवाजात मी ते शेवटचं ऐकलं होतं. लविना डोळे पुसत उठली, तिने तांब्या घेतला, पाण्याच्या मोठ्या बाटलीच्या नळाखाली धरून भरला आणि रोशेलच्या हातात दिला. विहीर नाही तर नाही!

यल्ला, चला! टेड उलटा चालत दाराबाहेर. त्याच्यामागे तांब्या घेतलेली रोशेल, मग बेन, मग फोन उंच धरलेली लविना, फोनमध्ये सेलीनबाय गातेय. लिफ्टपर्यंत जाऊन परत, दोनदा. शेजारची दारं उघडली. तिसऱ्या खेपेला लिफ्टच उघडली आणि आतून वॉचमन निघाला.

"साब, कंप्लेंट आया है."

"कौन बजा रहा है, उसका?"

"नहीं साब. बोलते हैं, पहले कोई चिल्ला रहा था."

वॉचमनला दोन फुगे देऊन वाटेला लावलं. टेड भिंतीला टेकून दम खात होता. त्याने मला जवळ बोलावलं आणि फार संकोचून म्हणाला, "रॉबर्ट, राग मानू नका. आमच्या गावात सगळे विचारताहेत, मुलीचे वडील करतात काय? बेनला माहीत नाही. रोशेल म्हणते, ही गोज टू ऑफिस."

"मी सीनियर को-ऑर्डिनेटर आहे. प्रोसेस अलाइनमेंट."

"म्हणजे काय करता?"

"सगळ्या डिपार्टमेंटचे रिपोर्ट येतात. ते एकसारखे दिसतात ना, हे मी बघतो. मग वर पाठवतो."

"वर कोण वाचतं?"

"वरून ते परत माझ्याकडेच येतात. फायनल करायला."

"आणि तुम्ही हे केलं नाही तर?"

अठरा वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. लविनासुद्धा कान टवकारून उत्तराची वाट बघत होती. टेडने माझ्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि बेनकडे वळून हळूच म्हणाला, "मुलगी चांगली आहे. वडिलांचं आपण चालवून घेऊ."

तर लग्न ठरलं. पत्रिकेवर टेडच्या नावापुढे 'फिडलवादक' असं छापायचं नक्की झालंय. माझ्या नावापुढे काय छापायचं, यावर मी घरच्यांना तीन पर्याय दिले होते. लविना म्हणाली, "नुसतं 'वधूपिता' छापा. कुणी विचारलं, म्हणजे काय, तर सांगता तरी येईल."