पाहुण्याचा चौथा भाग

मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत आत्माराम पाष्टे म्हटलं तर कोणी ओळखणार नाही. एलियनकाका म्हटलं की वॉचमनही बोट दाखवतो. चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीवर ‘पल्याडचा पाहुणा’ नावाची सात भागांची मालिका लागायची. तिच्यातला परग्रहावरचा बिनचेहऱ्याचा पाहुणा म्हणजे आपणच, असं काका सांगतात. तोंडावर पायमोजा चढवलेला, त्यामुळे खातरजमा करायची सोय नाही. शेवटी कलाकारांच्या पाट्यांमध्ये त्यांचं नाव आलं ते फक्त चौथ्या भागात, आणि नेमकी तीच टेप टीव्हीवाल्यांनी पुसून तिच्यावर खतांचा कार्यक्रम भरला.

बाकीचे भाग हल्ली इंटरनेटवर आहेत. तिसऱ्यात पाहुणा चाळीतल्या एका घराची कडी वाजवतो. पाचव्यात तेच घर जेवायला बसलंय, एक पाट रिकामा आहे, धाकटी मुलगी दिसत नाही आणि कोणी तिचं नावही काढत नाही. मी साठी ओलांडलेला माणूस, पण तो भाग मीही दिवा लावूनच बघतो.

त्यामुळे चौथ्या भागात काय झालं ते ऐकायला संध्याकाळी काकांच्या बाकड्याभोवती चांगले कमावते लोक गोळा व्हायचे. काकांच्या सांगण्यात मुलगी आधी भिंतीत जायची. पुढे ती आरशात जाऊ लागली, आणि गेल्या वर्षापासून जाताना हसायलाही लागली. काकांची सून मिनल मात्र सगळ्यांदेखत म्हणायची, “बाबा, उगाच फेकू नका. तुम्ही त्यात होतात याला पुरावा काय?” हे त्यांच्या जिव्हारी लागायचं. आपलं नाव एकदा सुनेने पडद्यावर वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटी पुरावा आणला तो गेटवर मासळी विकणाऱ्या मुर्धा गावच्या अनसूयाने. “काका, तुमचा त्यो पाहुणा माज्या हळदीच्या कॅसेटमदी हाय,” ती म्हणाली. तिचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने घरी व्हीसीआर आणून टीव्हीवरून मालिका भरून ठेवली होती. पुढे हळदीच्या शूटिंगला कोरी कॅसेट आणायची राहिली, तेव्हा त्याने घरातलीच काढून दिली. हळद संपली आणि मागे चौथ्या भागाची दहा मिनिटं शाबूत राहिली.

सेक्रेटरी परागने रविवारी हॉलमध्ये पडदा लावला. पाऊण तास अनसूयाचे काका-मामा बेंजोवर नाचले. मग पाहुणा आला. भिंत पुठ्ठ्याची होती आणि त्याचा हात लागताच ती हलली. पायमोज्याला भोक होतं. पाहुणा मुलीजवळ गेला, तेवढ्यात आई म्हणाली, “हिची परीक्षा आहे, हिला मावशीकडे पाठवते.” मुलगी पिशवी घेऊन गेली. पुढे पाट्या: पाहुणा, आत्माराम पाष्टे.

लोक पोट धरून हसले. काकाही हसले, पण त्यांचे डोळे भरले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सोमवारपासून बाकड्यावर कोणी फिरकलं नाही.

गुरुवारी मिनल चहा घेऊन खाली आली आणि त्यांच्याशेजारी बसली.

“बाबा, ती मुलगी कुठे गेली हो?”

“अगं, पाहिलंस ना. मावशीकडे.”

“ते राहू दे. तुम्ही सांगायचात तसं सांगा. मी कधी नीट ऐकलंच नाही.”

काका सरसावून बसले. घसा खाकरला. डोळे मिटून त्यांनी भिंत आठवून पाहिली, आरसा आठवून पाहिला. कितीही आठवलं तरी त्यांना पिशवी घेऊन मावशीकडे निघालेली मुलगीच दिसत होती.