वीस डब्यांची गुणगुण

तीन माणसं रोज एकच काम करत बसली, की किस्से साचतात. कपाटामागं धूळ साचते तसे. आज झाडू फिरवतोय.

गारखेड्यात माझ्या घरावरच्या खोलीत आम्ही हेडफोनचे खिशात मावणारे अ‍ॅम्प्लिफायर तपासतो. ते बनवतात बनसोडे सर. शेंद्र्याच्या एका कारखान्यात टेस्टिंग करून रिटायर झालेले. पिशोरचा दत्ता सोल्डरिंग करतो, मी आकडे लिहितो. सरांची इच्छा एकच, आपला डबा एकदा तरी दुकानाच्या काचेत दिसावा.

*

अ‍ॅम्पची स्वतःची गुणगुण मोजायची तर गाणं बंद ठेवावं लागतं. पण घरातल्या विजेच्या तारा आपली गुणगुण घेऊन मध्ये नाक खुपसतात. त्यामुळं लाईट गेली की कॉलनी शिव्या देते, आणि आम्ही बॅटरीवर लॅपटॉप चालवून टाळ्या पिटतो.

परवा लाईट लवकर आली. खाली पोरांनी जल्लोष केला. दत्ता गॅलरीतून ओरडला, "आरं, अजून पाच मिनिटं जाऊ द्या की!" तेव्हापासून शेजारचे काका मला ओळख दाखवत नाहीत.

*

एकदा दत्तानं आजवरचा सगळ्यात शांत अ‍ॅम्प मोजला. आकडा बघून सरांचे डोळे भरून आले. मी धावत जाऊन जिलेबी आणली.

दुसरी जिलेबी तोंडात असताना सरांनी अ‍ॅम्प उलटसुलट करून पाहिला. "दत्ता, तू बटण चालूच केलं नाय."

तो आकडा मी वहीत तसाच ठेवलाय. बघितला की बरं वाटतं.

*

खालच्या सुलभावहिनींनी विचारलं, हे आउटपुट इम्पीडन्स म्हणजे काय हो? सरांनी सांगितलं, की अ‍ॅम्प मोकळा असताना व्होल्टेज किती, आणि हेडफोनचा भार टाकल्यावर ते किती पडतं, ते बघायचं. थोडंच पडलं तर अ‍ॅम्प चांगला.

"म्हणजे आपला नळ," वहिनी म्हणाल्या. "एकट्यानं सोडला तर धार, शेजाऱ्यानं मोटर लावली की थेंब."

कारखान्यात सर तीस वर्षं नव्या पोरांना हेच शिकवत होते. त्या दिवसापासून ते नळापासूनच सुरुवात करतात.

*

शेवटी पुण्याचा एक दुकानदार स्वतःचं मीटर घेऊन आला. डबा पास झाला तर तसे वीस घेणार होता. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मीटर लावलं आणि गुणगुण नको तेवढी वर गेली. सरांचा चेहरा पडला. डबा सरकवायला दत्तानं बोट लावलं, तर आकडा धाडकन खाली! त्याच्या अंगातून डब्याला अर्थिंग मिळत होतं. दत्तानं बोट तिथंच ठेवलं. चहा डाव्या हातानं प्यायला. पाहुण्यानं समाधानानं मान हलवली, वहीत वीस लिहिलं आणि हात मिळवायला पुढं केला. दत्तानं डावा हात दिला.

पाहुण्यानं त्या बोटाकडं बघितलं. मग हळूच ते उचललं. आकडा वर. परत ठेवलं. आकडा खाली.

"सर, डबा छान आहे," तो म्हणाला. "पण हे गृहस्थ प्रत्येक डब्यासोबत येणार का?"

सर आयुष्यात खोटं बोलले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "वीस नाय जमायचे. याला भाऊ तिघंच."

पाहुण्यानं वहीतलं वीस खोडलं आणि चार लिहिलं.