किराइताचे दोन वाफे

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सरांनी मला प्रकल्पासाठी जस्ताच्या नॅनो खताची एक बाटली दिली. पेठजवळच्या आमच्या पाड्यावर मी किराइताचे दोन वाफे केले. एकावर ते खत फवारलं, दुसऱ्यावर नुसतं पाणी. बाबा तापाच्या माणसांना किराइताचा काढा देत. देण्याआधी पान स्वतः चावून बघायचं, ही त्यांची रीत.

"हे खत पानात गेल्यावर पुढं कुठं जातं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"डोळ्यांना दिसत नाही बाबा, फार बारीक असतं."

"म्हणून तर इचारतोय, पोरी."

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, तो आपल्या प्रकल्पाचा भाग नाही. पुढे दोन्ही वाफ्यांतली पानं नाशिकच्या प्रयोगशाळेत पाठवली, तिथून अहवाल आला. फवारलेल्या पानांत कडू औषधी द्रव्य जास्त निघालं होतं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. तो कागद मी बसमध्ये मांडीवर जपून आणला आणि बाबांना वाचून दाखवला.

ते उठले, फवारलेल्या वाफ्यातलं एक पान खुडलं आणि तोंडाकडे नेलं. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. का धरला, ते मला सांगता येईना.

"आता तुझ्या कागदाचं काय करायचं?" बाबा हसले आणि त्यांनी ते पान माझ्या हातात ठेवलं.

प्रकल्पाच्या वहीत शेवटी मी एक ओळ वाढवली : ही पानं औषधात वापरावीत की नाही, हे आम्ही तपासलेलं नाही. सरांनी ती खोडली, तेव्हा घाबरत घाबरत मी ती पुन्हा लिहिली.