करवंटीतलं पाणी

"डोळे मिट, आणि टोचलं की सांग," मालवणचे डॉक्टर म्हणाले. मी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी विचारलं, "कधी टोचणार?"

"सात वेळा टोचून झालं, मारी."

लेप्रसी. आमच्याकडे रगतपिती म्हणतात. मी शिवणकाम करायचे. सुई बोटात रुतून फ्रॉकला रक्त लागायचं तरी कळायचं नाही, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. तुमच्या अंगावर बधिर चट्टा दिसला तर माझ्यासारखा झाकून ठेवू नका.

त्या दिवसापासून आई मला पाणी करवंटीतून द्यायला लागली. ज्यांना विहिरीला शिवू देत नाहीत त्यांना आमच्याकडे तसं देतात. मी ढसाढसा रडले.

मग अडीच वर्षं इस्पितळ. डॅप्सोनच्या गोळ्या, म्हणजे रोगाचे जंतू मारणारं औषध. स्मीअर, म्हणजे कानाच्या पाळीला चीर देऊन जंतू तपासायचे. शेजारच्या खाटेवर दोडामार्गकडची भागी होती. तिच्या वस्तीला गावची विहीर बंद. पण माझे हात पट्ट्यांत असायचे तेव्हा तीच आपल्या ताटातली पेज मला भरवायची. तिथे जात बघायला सवड कोणाला होती!

मी तिला शुभवर्तमान वाचून दाखवायचे. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, म्हणाला, जा, देवळातल्या याजकांना दाखवा. आभार मानायला परतला एकटाच, तोही शोमरोनी, बाकीच्यांनी परका मानलेला. आमचे पाद्री सांगत, नऊ जण कृतघ्न. भागी म्हणाली, "गे बाये, तेका देवळात कोण घेतलो? तो बापडो दुसरो खंय जातलो?"

मी हसले होते.

पुढे दोघींचे स्मीअर निगेटिव्ह आले, आम्ही आपापल्या घरी गेलो. आईने मला काचेच्या पेल्यातून पाणी दिलं. काय सांगू, तो पेला मी छातीशीच धरला!

महिन्याभराने भागी मला भेटायला आली, काजूची पुरचुंडी घेऊन. अंगणाच्या कडेलाच थांबली. आईने करवंटी भरली आणि माझ्या हातात दिली. मी घेतली. नेऊन दिलीसुद्धा.

भागी पाणी प्यायली. म्हणाली, "खरीच बरी झालंस गो तू, मारीबाय."

ते नऊ जण कुठे गेले ते मला आता ठाऊक आहे. घरी गेले, आपापला पेला धरून बसले.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवून मी आमच्या कट्टा गावाहून दोडामार्गची गाडी धरली. भागीच्या दारात थांबले नाही, सरळ आत शिरले आणि पाणी मागितलं. घरात पेला एकच, पितळी, तिनेच नुकता तोंडाला लावलेला. ती राख घेऊन घासायला बसली.

"घासू नको," मी म्हटलं. "तुझो उष्टो आसा तसोच दी."