अक्काचा पहिला नकार

कमलम्मांचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी ऑफिसला घालायचा शर्ट शोधत होतो. कमलम्मा म्हणजे बंगळूरच्या राजाजीनगरात अक्काच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारीणबाई. माझ्याशी त्या एरवी हौसेनं मोडकंतोडकं मराठी बोलतात. त्या दिवशी मात्र सगळं कन्नडमध्येच बोलल्या. अक्का उठत नाहीये, कितीदा हाक मारली तरी उठत नाहीये, तुम्ही या. यावर मी काय म्हणालो, तर "असं कसं? मी काल संध्याकाळी तिथंच तर होतो!" जणू मी काल तिथं होतो म्हणून आज असं काही व्हायला बंदी होती. माझ्या इंदिरानगरच्या घरून राजाजीनगरला पोचेपर्यंत ऑटोत मी तेच वाक्य घोकत होतो. गेले पाच आठवडे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगतोय, की आदल्या संध्याकाळी मी तिच्यापाशी होतो. लोक म्हणतात, नशीबवान आहात, शेवटची भेट झाली. मी मान हलवतो. त्या संध्याकाळचं पुढचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. ते इथं सांगणार आहे, पण ते कळायला आधी अक्का कळली पाहिजे, आणि अक्का मला स्वतःला कळली ती, सांगायला जरा विचित्र वाटेल, पण विमानतळावरच्या फर्स्ट क्लासच्या लाउंजमध्ये.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आम्ही बेळगावकडचे. वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. अक्का बंगळूरला आली, यशवंतपूरजवळच्या एका सरकारी कारखान्याच्या कँटीनमध्ये चिकटली आणि पुढं तिथूनच सुपरवायझर म्हणून निवृत्त झाली. अकरावीला मी तिच्याकडं आलो. राजाजीनगरातल्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत ती आणि आतल्या खोलीत लोखंडी खाटेवर मी. इंजिनियर होईपर्यंत मी त्याच खाटेवर झोपलो. मला ती तम्मा म्हणायची. कन्नडमध्ये धाकट्या भावाला तसंच म्हणतात, आणि आमच्या घरात कन्नड कुठं संपतं आणि मराठी कुठं सुरू होतं हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

सुट्टीत मी कधीकधी तिच्या कँटीनमध्ये जेवायला जायचो. वाढपी माणसं होती, पण जेवणाच्या वेळेला अक्का स्वतः भाताच्या पातेल्यापाशी उभी राहायची. कामगार ताट पुढं करायचे, ती वाढायची, ते "साकू, साकू" म्हणजे पुरे पुरे म्हणायचे. कुणाला ती सोडून द्यायची, कुणाच्या ताटात आणखी एक डाव घालायची. मला वाटायचं, ही तोंड बघून वाढते. एकदा मी तसं बोललोही. ती म्हणाली, "तोंड नाही रे, ताट बघायचं. पुरे म्हणून ताट मागं घेतलं की पोट भरलेलं असतंय. पुरे म्हणतोय आणि ताट तिथंच आहे, तर भूक आहे की अजून! माणूस एकदम हो कसा म्हणेल?" तिच्या लेखी पहिला नकार हा नकारच नव्हता, ती नुसती रीत होती. दुसऱ्यांदा विचारल्यावर जे येतं ते खरं उत्तर. ती स्वतःही तशीच. तिला काही द्यायचं म्हणजे आधी "नको रे, कशाला उगाच" हे ऐकून घ्यायचं. मग पुन्हा म्हणायचं. मग ती "स्वल्प दे" म्हणायची आणि चांगलं वाटीभर घ्यायची.

हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं.

चार वर्षांपूर्वी माझी मुलगी सई जर्मनीत बाळंत व्हायची होती. माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. सईनं फोनवर रडून आत्याला बोलावलं आणि अक्का तयार झाली. सासष्ट वर्षांची बाई, जन्मभर दुसऱ्यांना वाढून रिटायर झालेली, तिला मी पुन्हा चुलीपाशी उभं करायला निघालो होतो, परदेशात! मला लाज वाटत होती, म्हणून मी एक शहाणपणा केला. ऑफिसच्या कामासाठी वर्षानुवर्षं विमानानं हिंडून माझे पॉइंट साठले होते, ते सगळे खर्चून आमची दोघांची तिकिटं फर्स्ट क्लासची करून घेतली. मनात एकच होतं, की एक दिवस अक्का नुसती बसून राहील आणि दुसरं कुणीतरी तिला वाढेल.

सकाळचं विमान होतं. अक्का इरकल नेसून आली. हातात एक पिशवी, तीत डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा. ती पिशवी तिनं सामानात टाकू दिली नाही. लाउंजचा काचेचा दरवाजा आपोआप उघडला तेव्हा ती दोन पावलं मागं सरली. आत पाय रुतेल असा गालिचा, मंद दिवे, हॉलच्या मधोमध एक झाड, आणि माणूसभर उंच खुर्च्यांमध्ये लांब लांब बसलेली दहा-बारा माणसं. अक्का खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कुणी बोलत कसं नाही रे? आत कोण आजारी आहे काय?"

मी हसलो. म्हटलं, इथं तू फक्त बसायचंस, ते येऊन विचारतील काय हवं ते. जेवणाच्या टेबलापाशी तिला बसवलं. पांढरी शुभ्र चादर, तीन तऱ्हेचे ग्लास. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि मी खिडकीकडं गेलो. फोन लांबला... चांगला अर्धा तास लांबला. अधूनमधून मान वळवून बघत होतो. कोट घातलेली एक तरणी बाई अक्कापाशी वाकून काही विचारत होती, अक्का हसून मान हलवत होती. मला फार बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, जमलं!

परत आलो तर टेबलावर पाण्याचा एक ग्लास, बाकी काही नाही. पांढऱ्या चादरीवर एक सुरकुती नाही. माझी बहीण हात मांडीवर ठेवून बसली होती.

"खाल्लं नाहीस?"

"नाही की."

"का? विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं की. इडली काय, फळं काय, चहा काय... सगळं विचारलं. मी नको म्हटलं." मग जरा थांबून, अगदी खालच्या आवाजात, "दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही रे."

सकाळी लवकर निघायचं म्हणून ती घरून काही न खाता आली होती. समोर सगळ्या जगाचं जेवण मांडलेलं आणि ही रीत पाळत उपाशी बसलेली. दोष कुणाचाच नव्हता. त्या मुलीला शिकवलेलं, की नको म्हटलं की पाहुण्याला त्रास द्यायचा नाही. अक्काला शिकवलेलं, की पहिल्यांदा हो म्हणायचं नाही. पण त्या क्षणी हे काही मला सुचलं नाही. मी तिच्यावर ओरडलो. "अक्का, हे काय आपलं घर आहे? भूक लागली तर हो म्हणायचं सरळ! इथं कुणी तुझी आर्जवं करत बसणार नाही!" दोन-तीन उंच खुर्च्या आमच्याकडं वळल्या. अक्का नुसती "सरी" म्हणाली आणि पदर सारखा करत बसली. कन्नडमधली ती सरी आमच्या घरात "बरं" म्हणून चालते, आणि वाद संपवायलाही.

मला स्वतःचा इतका राग आला की मी उठलो, मांडून ठेवलेल्या पदार्थांमधून स्वतःच एक बशी भरली आणि तिच्यासमोर आणून ठेवली. दोन इडल्या, चटणी, पपईचे तुकडे. "खा." तिनं खाल्लं. मी आणखी एक इडली घातली. "नको रे, पुरे." मी बशीकडं बघितलं. बशी तिथंच होती. "घे गं, एक माझ्यासाठी." तेव्हा ती हसली, म्हणाली, "शिकलास की!" आणि एकूण पाच इडल्या खाल्ल्या. फर्स्ट क्लासच्या लाउंजमध्ये मी वाढपी झालो होतो आणि माझी बहीण जेवत होती. ती सकाळ माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या बऱ्या कामांपैकी एक आहे.

निघताना तिनं त्या कोटवाल्या मुलीला बोलावलं आणि पिशवीतला एक डिंकाचा लाडू पुढं केला. मुलगी गोड हसून म्हणाली, "सॉरी मॅम, वी आर नॉट अलाउड." अक्का हलली नाही. तिनं त्या मुलीच्या हाताकडं बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "तगोम्मा, स्वल्प." घे गं बाई, थोडासाच. मुलीनं इकडंतिकडं बघितलं, लाडू घेतला आणि पटकन कोटाच्या खिशात टाकला. दरवाजापर्यंत आम्हाला सोडायला ती स्वतः आली.

विमानात अक्का पाय लांब करून झोपून गेली. मी जागाच होतो. मला एक जुनी गोष्ट आठवत होती. मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना अक्काला एक स्थळ आलं होतं. तिच्याच कारखान्यातला माणूस, सज्जन, हुबळीकडचा. तो घरी आला, चहा प्यायला, त्यानं विचारलं. अक्का म्हणाली, नको, तम्माचं शिक्षण व्हायचंय अजून. तो गेला. आईनं बेळगावहून पत्रात लिहिलं, तुझी मर्जी. मी तर काहीच म्हणालो नाही, मला सोयीचंच होतं ते. आम्ही सगळ्यांनी तिचं एक नको किती पटकन खरं मानलं होतं... शेजारी ती घोरत होती आणि मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होतो. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की यापुढं अक्काला काहीही विचारलं तर दोनदा विचारायचं.

आता ती संध्याकाळ. तिला चार दिवस ताप येऊन गेला होता. काळजीचं काही नाही, विश्रांती हवी, असं डॉक्टर म्हणाले होते. मी ऑफिसमधून परस्पर गेलो. बाहेरच्या खोलीत ती उशीला टेकून बसली होती. सईच्या मुलाचे फोटो बघितले, कमलम्मांनी पातेल्यातून आणलेला मऊ भात मी तिला वाढला. मग तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही उगाच इकडचं तिकडचं बोलत बसलो. आठ वाजत आले तसं मी विचारलं, "अक्का, आज राहू का मी इथं?"

"नको रे. उद्या ऑफिस आहे तुला. जा तू, ट्रॅफिक लागेल."

तिचा हात माझ्या मनगटावर तसाच होता. तिनं तो काढला नव्हता. मीच तो हळूच सोडवला, तिच्या मांडीवर ठेवला, पांघरूण सारखं केलं आणि निघालो.

एवढंच. हेच ते पुढचं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मीटिंग होती, आणि मला नको हेच ऐकायचं होतं. राहिलो असतो तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. पण ती एकटी नसती.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली, आणि कुणीतरी सतरंजी मागितली म्हणून मी आतल्या खोलीत गेलो. आदल्या संध्याकाळी त्या खोलीत मी डोकावलोही नव्हतो. माझ्या लोखंडी खाटेवर सोलापुरी चादर घातली होती, निळ्या चौकटीची, मी कॉलेजात असताना वापरायचो ती. उशीला धुतलेला अभ्रा, पायथ्याशी घडी घातलेलं पांघरूण, स्टुलावर पाण्याचा झाकलेला तांब्या. कमलम्मा मागून आल्या. म्हणाल्या, "दुपारी माझ्याकडून घालून घेतली की अक्कांनी. तम्मा येणार, राहणार म्हणाल्या." मी सतरंजी न घेताच बाहेर आलो.

घर भाड्याचं. या महिन्याअखेर सोडायचं आहे. गेले काही रविवार मी जाऊन भांडी, पुस्तकं, देव असं एकेक बांधतोय. त्या खाटेला मात्र हात लावलेला नाही. परवाच्या रविवारी आवरता आवरता दिवेलागण झाली. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं, तोच कमलम्मा दुकानातून परत आल्या. म्हणाल्या, "राहणार काय आज इथं?" मी सवयीनं म्हणालो, "नको अम्मा, जातो, उद्या ऑफिस आहे." त्या सरी म्हणून जिना चढायला लागल्या. चार पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं. कुलूप माझ्या हातातच होतं, मी ते अजून लावलं नव्हतं.

"राहा की," कमलम्मा म्हणाल्या.

मी दार उघडून आत गेलो. चादर घातलेलीच होती.