तिसरा आग्रह

चाकणच्या कंपनीत चिनी इंजिनिअर आल्यापासून माझा नवरा त्यांची भाषा शिकत होता. त्यांना घरी जेवायला बोलवायचं त्याच्या मनात होतं. पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्या आग्रहाला येतो, असं त्याच्या शिक्षिकेनं सांगितलं होतं. म्हणून स्वयंपाकघरात तो मला चिनीत आमंत्रण द्यायचा आणि मी पाहुणी होऊन नकार द्यायचे.

“अगं, जरा लाजून म्हण. भाजीवाल्याला म्हणतेस तसं नको!”

एका रविवारी सकाळी बूट घालता घालता त्यानं चिनीतच विचारलं, फिरायला येतेस का? मला तो सराव वाटला. मी लाजून नको म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा विचारेल म्हणून ओढणी घेऊन थांबले. तो मात्र जिना उतरून गेला. नदीकडच्या रस्त्यावर तो कोसळला, तेव्हा जवळ कुणीच नव्हतं.

रावेतच्या या घरात अजूनही सकाळी दाराशी त्याचा तो प्रश्न ऐकू येतो. आता मी पहिल्याच आग्रहाला हो म्हणते आणि चप्पल घालते. जिन्यात कुणी नसतं.