धाकटीच्या हाती आलेला तुरुंग

सरकारी बागेत तिची बावीस वर्षं गेली होती. हिरवळ, गुलाबांचे वाफे, पाण्याचे पाइप, सगळं तिच्या नजरेखालचं. सगळे तिला ताईच म्हणत. तिची धाकटी बहीणही कलमं बांधायला तिच्याकडेच शिकली.

मग शहरातला जुना तुरुंग बंद झाला. तिथं इमारती उठणार असं ठरत आलं होतं. तो वाचवायला धाकटीनं कंबर कसली. दारोदार सह्या मागितल्या, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. ताईकडे आली तेव्हा ताई हसली. "त्या कोठड्या जपून काय लोणचं घालणार आहेस?" सही काही तिनं केली नाही.

तीन वर्षांनी जागा वाचली. भिंती, कोठड्या, टेहळणीचा मनोरा तसेच ठेवले, मधल्या मैदानात बाग झाली, आणि ती धाकटीच्या हाती आली. महिनाभरात ताईची बाग ओस पडली. सकाळी फिरणारे पेन्शनर तिकडे, बाबागाड्या तिकडे. कहर म्हणजे नवराही तिकडेच.

"अहो, इथली हवा विषारी आहे का?"

"तसं नाही गं. तिथं सावली दाट आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका दुपारी ती खोड काढायलाच तिकडे गेली. वाफ्यांत तण सापडेना, नळ गळेना. शेवटी कोठड्यांमागच्या जुन्या चिंचेच्या सालीवर मातीच्या बारीक रेघा दिसल्या. नखानं खरवडलं, तर आत वाळवी. बुंधा एका बाजूनं पोकळ वाजत होता. तिला मनातून गुदगुल्या झाल्या. बसा म्हणावं आता सावलीत! कुणाला चकार शब्द न बोलता ती घरी आली.

तीन दिवस गप्प राहिली. चौथ्या दिवशी जेवताना नवरा म्हणाला, "चिंचेखाली बाक टाकलाय धाकटीनं. मी तिथंच बसतो हल्ली."

घास हातातच राहिला. ती तशीच उठली आणि तुरुंगात पोचली.

"झाडं बघतेस की नुसती फोटोला उभी राहतेस?" ती धाकटीवर कडाडली. "चिंच पोखरलीय. बाक हलव आधी!"

धाकटीचा चेहरा उतरला. "कधी दिसलं तुला?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जीभ वळेना. "चार दिवस झाले."

धाकटीनं आधी बाक ओढून बाजूला घेतला. मग म्हणाली, "सांगितलंस ना पण. मला हे जमायचं नाही, ताई. तूच कर."

आठवडाभर ताई तिथं राबली. बुंध्याभोवती खणलं, औषध ओतलं, वाळकी फांदी उतरवली. झाड तगलं. धाकटी येईल त्याला सांगत सुटली, "ही माझी थोरली बहीण. हिनं वाचवलं झाड." लोक कौतुकानं बघत, आणि ताईला मेल्याहून मेल्यासारखं होई. त्या चार दिवसांबद्दल धाकटी कुणापाशी अवाक्षर बोलली नाही. मोठं मनसुद्धा तिच्याच वाट्याला आलं होतं, आणि ते ताईला बागेपेक्षा जास्त खुपत राहिलं.